दगडाचं घर

अकोल्याच्या जिनिंग-प्रेसमध्ये चंद्रभान कापसाच्या गाठी बांधायचा. त्याच अकलेनं त्यानं कडब्याच्या गाठी दाबल्या, एकावर एक रचल्या, मातीनं लिंपल्या आणि घर उभं केलं. हातभर जाड भिंती. अठ्ठावन्न सालच्या मे महिन्यातही आत माठासारखा गारवा. पण "कडब्यात राहणाऱ्याची पोरगी" म्हणून वत्सलाची दोन स्थळं मोडली. म्हणून तिसऱ्या खेपेला, बार्शीटाकळीच्या महादेवरावांना, त्यानं घर दगडाचं असल्याचं कळवून टाकलं.

महादेवराव बैलांची दमणी जोडून आले. मुलगी पाहून झाली. महादेवराव मात्र भिंतच पाहत बसले.

"आमचंबी घर दगडाचंच हाय, चंद्रभानजी. दुपारी तव्यावानी तापते. तुमचं काहून तापत नाही?"

"दगडादगडात फरक असते."

महादेवरावांनी बोटाच्या पेरानं भिंत ठोकली. आवाज आला नाही. दाराआड चंद्रभानच्या बायकोनं पदराचं टोक दातात धरलं.

तेवढ्यात मातीचा पोपडा धपकन आत पडला. मागोमाग भिंतीतून महादेवरावांच्या दमणीच्या बैलानं तोंड घातलं, कडबा चघळत.

चंद्रभान पडलेली माती गोळा करू लागला. महादेवरावांनी सावकाश पान जुळवलं.

 

"पोरगी आमाले पसंत हाय," ते म्हणाले, "अन् घर आमच्या बैलाले."