घड्याळजींच्या तोंडातला समुद्र

घड्याळजी डोळे मिटून पडले होते आणि त्यांना समुद्र दिसत होता. खरं तर उभ्या जन्मात त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. सगळा जन्म डोळ्याला भिंग लावून चिमट्याने इवलाली चाकं उचलण्यात गेला. पण शेजारच्या खाटेवरचा खलाशी वारल्यापासून रोज दुपारी अंगात कणकण भरायची आणि हिरवट पाणी थेट उशीपर्यंत यायचं. त्या पाण्यात खलाशी कमरेपर्यंत उभा असायचा आणि हात हलवत राहायचा.

"आजही आला होता," ते लेकीला म्हणाले. शब्द तोंडातल्या तोंडात घरंगळले. "ये म्हणतो."

लेक खाटेच्या कडेवर बसली होती. वाटीत दुधात कुस्करलेला पाव होता, पण चमचा जवळ नेला की बाबा तोंड फिरवायचे. वृद्धाश्रमाच्या डॉक्टरांनी छाती तपासली होती, रक्त तपासलं होतं, पायांवरची सूज दाबून पाहिली होती. मग तिला बाजूला घेऊन म्हणाले होते, जिवलग माणूस गेलं की या वयात माणसं हातपाय गाळतात, भावाला बोलावून घ्या. भाऊ निघाला होता. तिला रडू येत नव्हतं, राग येत होता, आणि तोही त्या मेलेल्या खलाशाचा. एवढा कोण लागून गेला होता तो, की पोटच्या पोरांना सोडून त्याच्या मागे जायचं?

दारातून पांढरा कोट घातलेली एक तरुण मुलगी आत आली. आश्रमातल्या सगळ्यांचे दात तपासायला आलेली दातांची डॉक्टर.

"यांचं राहू द्या," लेक म्हणाली. "आता दातांचं काय करायचंय?"

"आलेच आहे तर बघते. आजोबा, आ करा बरं."

घड्याळजींनी सावकाश तोंड उघडलं. बॅटरीचा उजेड आत गेला, तो त्यांना पाण्यावर लांबवर पडल्यासारखा वाटला. डॉक्टरने कवळी अलगद काढली, उजेडात फिरवून पाहिली, पुन्हा बसवून पाहिली, पुन्हा काढली.

"आजोबा, हे दात तुमचे नाहीत."

"माझे पडून जमाना झाला बाई," घड्याळजी डोळे न उघडता म्हणाले.

"तसं नाही हो. ही कवळी तुमच्या मापाची नाही. दुसऱ्याच कुणाची तरी आहे." तिने लेकीला जवळ बोलावलं आणि ओठ हळूच उचलून धरला. हिरडी कडेने सोलवटली होती, मध्ये पिवळं चिघळलं होतं. डोक्यापासून पायापर्यंत सगळं तपासून झालं होतं. मधलं तोंड तेवढं राहून गेलं होतं.

"ताप बहुतेक याचाच आहे. इथली घाण रक्तात उतरत राहते, मग तिला सगळं शरीर मोकळं. त्यात पोटात अन्न नाही, म्हणून चक्कर, म्हणून सूज. आजोबा, तोंड खारट लागतं का?"

"समुद्रासारखं."

"आणि दुखत नव्हतं?"

"दुखत होतं की. मित्र गेल्यावर दुखणारच."

"पण तोंडात?" लेकीने विचारलं.

"कुठे दुखावं याचा काही नियम असतो का गं?"

फरशी पुसणाऱ्या मावशी केव्हाच्या थांबल्या होत्या. हातातलं फडकं पिळत त्या पुढे आल्या. "माझ्याच हातून झालं ताई. त्या दिवशी दोघांच्या कवळ्या मी एकाच वाडग्यात धुवायला घातल्या होत्या. तेवढ्यात ते गेले. माणसं बघायला येणार, त्यांचं तोंड बसलेलं दिसू नये, म्हणून घाईघाईत एक उचलली आणि घातली त्यांना." पुढे त्यांना बोलवेना. त्यांनी पदर तोंडाला लावला.

घड्याळजींनी मोकळ्या हिरडीवरून जीभ फिरवली.

"म्हणजे माझे दात..."

"त्यांच्याबरोबर गेले, बाबा."

पडदा फुगला आणि पुन्हा खिडकीला चिकटला. मग घड्याळजींची छाती गदगदायला लागली. लेकीने घाबरून त्यांचा हात धरला, पण ते हसत होते. बोळक्या तोंडाने, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

"तरीच! अगं, तो मला बोलवत नव्हता. स्वतःचे दात मागत होता!"

मावशींनाही हसू फुटलं आणि त्याच दमात त्या रडायला लागल्या. डॉक्टरने जखम धुतली, औषध लावलं. गोळ्या आजपासून सुरू, हिरडी भरेपर्यंत कवळी घालायची नाही, मऊ खायचं, आणि ताप उतरला तरी छाती पुन्हा एकदा तपासून घ्यायची, असं तिने लेकीला बजावलं. लेकीने भीत भीत चमचा पुढे केला. घड्याळजींनी तो रिकामा केला आणि पुढच्यासाठी तोंड उघडं ठेवलं. वाटीच्या तळाशी चमचा खरवडला तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण मघापासून रडतोय.

सामान आवरून डॉक्टर दाराशी थांबली. "हिरडी भरली की माप घ्यायला येईन. नवी कवळी व्हायला वेळ लागेल जरा. काही घाई आहे का, आजोबा?"

घड्याळजींनी शेजारच्या खाटेकडे पाहिलं.

"घाई कसली? सावकाश करा. फक्त टिकाऊ करा."