दीड पिशवी

सोबत कुणी आल्याशिवाय घरी सोडता येणार नाही, हे सिस्टरने सकाळपासून तिसऱ्यांदा सांगितलं. टेलरबाईने तिसऱ्यांदा "येतील, येतील" म्हणून वेळ मारून नेली. येणारं कुणी नव्हतं. अर्ज भरताना 'जवळची व्यक्ती' या रकान्यापाशी पेन अडलं, रिकामा सोडायची लाज वाटली, म्हणून तिने थोरल्या बहिणीचा नंबर लिहून टाकला होता. तिच्या स्वतःच्या वहीतही गिऱ्हाइकांचे शेकडो नंबर होते आणि तिने आजवर एकालाही फोन केला नव्हता. कपडे न्यायला माणसं आपणहून येतात, नंबर आपला असावा म्हणून असतो, अशी तिची पक्की समजूत.

हॉस्पिटलची समजूत वेगळी निघाली. अकराच्या सुमारास ताई दारात उभी राहिली.

"झाले का शिवून नाटकवाल्यांचे कपडे?"

टेलरबाईच्या तोंडचं पाणी पळालं. नाटकवाल्यांच्या कामासाठी चार दिवस बाहेरगावी जातेय, ही थाप तिचीच.

"पाठीसाठी केलं गं, ताई," ती पुटपुटली. "खांद्यांत ब्राच्या पट्ट्यांचे खड्डे पडले होते. मशीनवर तासभर बसवेना."

"मी कुठे काय म्हटलं?" ताई म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

खरंच ती काही म्हणाली नव्हती. म्हणाली असती तर बरं झालं असतं. भांडणात ताईचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण एकदा भांडून झालं की ती संध्याकाळपर्यंत निवळायची. गप्प बसलेली ताई टेलरबाईने एकदाच पाहिली होती, नऊ वर्षांपूर्वी, अशाच एका खोलीत. आजार पसरू नये म्हणून तेव्हा ताईची डावी छाती काढून टाकली होती. पुढे तिच्या जागी घालायला दुकानातलं काही तिला मानवेना. मग टेलरबाईने तिच्यासाठी मऊ सुती पिशवी शिवली, ब्राच्या आत बसणारी, मोहरी भरलेली. घरच्या काट्यावर तोलून बरोबर चारशे ग्रॅम. थोडी जरी कमी भरली तरी ताईचा खांदा वर उचलला जायचा. दर वर्षी जुनी उसवायची, नवी शिवायची. अशा बहिणीला कोणत्या तोंडाने सांगायचं, की माझं दोन्हीकडचं धडधाकट आहे आणि मी ते कापून कमी करून घेतेय?

तेवढ्यात सिस्टर सूचनांचा कागद घेऊन आली. तिला बिचारीला काय कल्पना.

"ही घट्ट ब्रा सहा आठवडे दिवसरात्र घालायची. हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत. उताणं झोपायचं आणि..."

"दोन्ही कुशींना उशी," ताई म्हणाली.

"बरोबर. आणि कपडे..."

"पुढून उघडणारे."

"अगंबाई, तुमचंही झालंय वाटतं?" सिस्टरने कौतुकाने विचारलं.

"माझं वेगळं."

सिस्टर पुढे वाचत राहिली. सूज येईल, काळंनिळं दिसेल, घाबरायचं नाही. आतून मुंग्या येतील. कुठे कुठे बधिर वाटेल, ती संवेदना बहुतेकींची परत येते, काहींची येत नाही. व्रण वर्षभर लाल राहतील. महिनाभर शिवणाचं मशीन बंद म्हणजे बंद. एवढं सांगून झाल्यावर तिला वाटलं असावं, की पेशंटचा चेहरा उतरलाय, जरा धीर द्यावा.

"पण बघाच तुम्ही, पाठ कशी मोकळी होते ती. एकेका बाजूने सहाशे ग्रॅम काढलंय डॉक्टरांनी. थोडंथोडकं नाही."

टेलरबाईने डोळे मिटून घेतले. धरणीने पोटात घ्यावं असं तिला झालं.



"म्हणजे दीड पिशवी," ताई म्हणाली. "एकेका बाजूला."

सिस्टरला त्यातलं काही कळलं नाही. तिने ताईची सही घेतली आणि निघून गेली.

आता खोलीत दोघी होत्या. सकाळी कुणीच येणार नव्हतं तेव्हाही टेलरबाईला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

ताईने येताना गाऊन आणला होता, पुढून बटणांचा, धुऊन धुऊन विरलेला. त्याची शिवण टेलरबाईने लगेच ओळखली. तिचीच होती.

"हात वर करू नकोस. बाही मी चढवते."

एक बाही चढली, मग दुसरी. ताई वाकून खालून एकेक बटण लावत वर येऊ लागली. छातीवरच्या बँडेजपाशी आल्यावर तिची बोटं जरा थबकली, पण कापड हलक्या हाताने पुढे ओढून घेत तिने तीही बटणं लावली. कुठे धक्का म्हणून लागू दिला नाही.

"हलकं वाटतंय का गं?" तिने बटणाकडे बघतच विचारलं.

दुखतंय, असं म्हणता आलं असतं. दुखत होतंही. पण एक थाप अजून पचली नव्हती, आणि दुसरी मारायचं बळ टेलरबाईच्या अंगात नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "खूप."

ताईने मान हलवली.

"मला नाही वाटलं कधी," ती म्हणाली आणि शेवटचं बटण लावलं.