उपाशी पिल्लं

अशी कल्पना करा, की तुम्ही अंड्यात आहात. आत अंधार आहे, ऊब आहे. चोचीनं टोकरत टोकरत तुम्ही कवच फोडता, मान बाहेर काढता, आणि समोर जे हलताना दिसतं तीच तुमची माय होते. बदकाच्या पिल्लाचं असंच असतं. त्याला कोणी विचारत नाही.

आरमोरीजवळच्या एका गावात, चंदाच्या घरी, पाच पिल्लं अशीच बाहेर आली. बदकाच्या अंड्यांवर बसवलेली कोंबडी मुंगसानं मारली होती. तेव्हा चंदाच्या मायनं, बुधरीनं, ती अंडी चिंध्यांत गुंडाळून चुलीजवळ टोपलीत ठेवली आणि ऊब दिली. पिल्लांनी जगात पहिल्यांदा पाहिलं ते बुधरीचं हिरवं लुगडं. त्या दिवसापासून बुधरी विहिरीवर निघाली की मागून पिल्लं, आणि पिल्लांच्या मागून चंदा.

महिना सरायच्या आत बुधरी तापानं गेली.

आता घरात बाप आणि लेक दोघंच. मुखरू सकाळीच लोकांच्या बांधीत धान रोवायला जायचा, तो दिवस कलल्यावर परतायचा. तोवर चंदा आणि बांबूच्या डाल्याखालची पिल्लं. घरात काहीतरी आवाज असावा म्हणून चंदा कधी कधी उगाच भांडी वाजवायची.

एके संध्याकाळी ती बापाला म्हणाली, "बाबा, पिल्लं काही खाऊन नाई राह्यले."

मुखरूनं कोंडा आणि तांदळाची कनकी भिजवून ताटलीत ठेवली. शेजारी पाण्याचं पसरट भांडं ठेवलं. बदकाला घासागणिक चोच पाण्यात बुडवावी लागते, नाहीतर कोंडा नाकपुड्यांत बसतो. हे त्याला बुधरीनंच सांगितलं होतं. पिल्लांनी ताटलीकडे पाहिलं, आणि तिथंच बसून डोळे मिटले.

"त्याइले मायचं लुगडं पाहिजे," चंदा म्हणाली.

मुखरू हिवाळ्यात वडशाच्या नाटक मंडळीत बायकांची कामं करायचा. लुगडं नेसणं त्याला नवं नव्हतं. तरी बुधरीची पेटी उघडल्यावर तो बराच वेळ तिच्यापुढे बसून राहिला. मग हिरवं लुगडं नेसला आणि परसात येऊन टेकला. पिल्लं उठली, डुलत डुलत आली, पदराशी गोळा झाली. ताटलीतले दोन-चार घास त्यांनी घेतलेही. मुखरूला हायसं वाटलं.

मग ते रोजचंच झालं. काही दिवसांनी चंदा म्हणाली, पिल्लं मिशीला भितात. पावसाळ्यात वाढवलेली मिशी मुखरूनं काढून टाकली. मग म्हणाली, त्यांना बांगड्यांचा आवाज लागतो. मुखरूनं नाटकाच्या सामानातून बांगड्या आणल्या. एकदा ती हळूच म्हणाली,

"माय त्याइले चारता चारता माझी वेणी घालत होती. तसं नाई दिसलं तर खात नाईत."

मुखरूनं वेणी घातली. ती वाकडी आली. चंदा जराही हलली नाही.

कुंपणापलीकडून लटारू हे सगळं पाहत असे. एक दिवस त्यानं विचारलंच, "काऊन मुखरूभाऊ, नाटक तर हिवाळ्यात असते ना? आतापासूनच तालीम?" मुखरू हसला. पण विहिरीवर, बांधीत, जिथं जावं तिथं तेच ऐकू येऊ लागलं, तेव्हा त्याचं हसू आटलं. पदर डोक्यावर घेतला की त्याला त्या कापडाचा जुना वास यायचा, तेही सोसवत नव्हतं. ते मात्र त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं.

शेवटी त्यानं चंदाला सांगितलं, की आरमोरीचे इनायतभाऊ उद्या गावात अंडी विकत घ्यायला येतील. त्यांच्याकडे बदकांचा कळप आहे. पिल्लं त्यांना देऊन टाकू, इथं उपाशी मरण्यापेक्षा बरं.

"मग लुगडं?" चंदानं विचारलं.

"लुगडं पेटीत."

त्या दिवशी चंदा जेवली नाही.

इनायत सायकलला टोपल्या बांधून आला. त्यानं एक पिल्लू उचललं, हातात तोललं, अंगठ्यानं त्याचा गळा चाचपला.

"कधीपासून खात नाईत हे?"

"माय गेली तेव्हापासून," चंदा घाईनं म्हणाली. तिच्या मनगटाला कोंडा चिकटला होता.

इनायतनं तिच्याकडे पाहिलं. पिल्लू खाली सोडलं.

"मी नाई नेत, भाऊ. लहान आहे अजून. लुगडं चालू ठेवा."

"लोक हसतात, इनायतभाऊ."

"हसू द्या ना. तुमचं कामच आहे ते." जाता जाता त्यानं चंदाच्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी ऊन कललं, मोहाच्या झाडाची सावली कुंपणाला लागली. मुखरू परतायची हीच वेळ. चंदानं चुलीमागून एक मडकं काढलं. त्यात भिजवलेला कोंडा होता, ठेचलेल्या गोगलगायी होत्या. तिनं डालं उचललं. पाचही पिल्लं तिच्यावर तुटून पडली, आणि रोजच्यासारखी तिच्या ओंजळीतून पोट टरटरीत होईपर्यंत जेवली. तिनं त्यांची तोंडं पुसली. त्यांना डाल्याखाली घातलं, मडकं धुऊन जागेवर लपवलं. मग आपली वेणी सोडली, फणी हातात घेतली आणि मायची वाट बघत उंबऱ्यावर जाऊन बसली.