अलेयम्माने सांगितलेला एलीया

इथे आखातात, बौशरच्या आमच्या इमारतीत दिवसा माझ्याशी बोलणारी एकच, शेजारची केरळची अलेयम्मा. काल तिने मला बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट सांगितली. अहाब राजा त्याच्या जिवावर उठला होता, राजाची माणसं त्याला देशोदेशी शोधत होती, तरी एलीया आपल्या पायांनी राजासमोर गेला आणि त्याची चूक त्याला तोंडावर सांगितली.

"अकेला गया, माँजी!" अलेयम्मा म्हणाली. "और आप? आप तो बेटे से डरता है!"

खोटं नव्हतं ते. 'आईला आता देवरुखला एकटीला ठेवायचं नाही,' हा प्रशांतचा दोन वर्षांपूर्वीचा हुकूम. कामगारांचे पासपोर्ट ठेवून घेणाऱ्या इथल्या जुन्या मालकांसारखा, अर्बाबांसारखा त्याने माझा पासपोर्टही स्वतःच्या कपाटात ठेवलेला. तेव्हापासून मी घराचं नाव काढलं नव्हतं.

तो चिडणार हे धरून आज दुपारभर मी उत्तरं पाठ केली. पाय घसरला तर? तिथे शेजारी वसुंधरा आहे. औषधं कोण देणार? माझी मी घेते. आणि 'आई, तुझ्याशिवाय करमणार नाही गं,' म्हणाला तर मात्र मुकाट राहायचं, हेही मनाशी ठरवून टाकलं.

रात्री जेवताना म्हणाले, "प्रशांत, मला घरी जायचंय."


त्याने मोबाइलवर दोन-चारदा बोट फिरवलं. "उद्या सकाळचंच तिकीट मिळतंय, आई. खिडकीची सीट घेऊ?"