गोल टेबलाचं कोडं

मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत तर्काची कोडी असत, म्हणून नीव्ह दिवसभर तीच सोडवत बसायची. एक गोल टेबल, आठ माणसं, कोण कुणाशेजारी बसेल? एकही धड सुटत नव्हतं.

आई वैतागली. "कुठली कोण परकी माणसं बसवतेस? शनिवारी ताईचं लग्न आहे, आपली खरी माणसं बसव की!"

नीव्ह घरातल्या एकेकाला विचारत सुटली. ब्रीजी मावशीला डॉनल मामा शेजारी नको होता, कारण त्याने तिचा मेंढा परस्पर विकला होता. मामाला पाद्रीबाबांचा शेजार नको होता. आणि नवरदेव फिन्टनशेजारी तर कुणालाच बसायचं नव्हतं. जेवताना तो विम्याच्या योजना सांगत बसायचा.

"नाताळात त्याने मला माझ्याच मरणाचे फायदे समजावले गं!" आजी म्हणाली.

शेवटी नीव्ह नवरीकडे गेली. ऑर्ला लग्नाच्या झग्याला टाके घालत होती.

"ताई, तुझी काय अट?"

"मला कुठेही बसव. फक्त फिन्टनपासून जरा लांब. तेवढाच एक दिवस डोक्याला शांतता."

बोलून झालं आणि ऑर्लाचा हात थांबला.

"त्याला काढलं की कोडं लगेच सुटतं गं," नीव्ह हळूच म्हणाली.



शनिवारी लग्न झालं नाही. जेवण मात्र ठरल्याप्रमाणे झालं, आणि सगळ्यांत जास्त नवरी जेवली.