पान चौऱ्याण्णव

“सर, पान चौऱ्याण्णववर सही आहे, उत्तर नाही,” मुद्रितशोधक बाई म्हणाल्या. “हाच परिच्छेद पान एकतीसवरही आहे. कोणता काढू, असं समासात दोनदा विचारलंय.”

“बाई, सही आहे म्हणजे वाचलंय,” प्राध्यापक म्हणाले. “वाचताना लक्ष का उडतं, यावरच तर पुस्तक आहे. मला नका वाचायला शिकवू.”

छापखान्याचे मालक हसले. मग बाईंकडे वळून हसायचे थांबले. मागच्या पुस्तकात एक चूक राहिली होती; आणखी एक राहिली की बाईंनी घरी बसायचं, असं ठरलं होतं. आणि नियम असा, की लेखकाची सही झालेल्या पानाला कोणी हात लावायचा नाही.

शेवटच्या प्रुफावर सही व्हायच्या आत बाईंनी त्या परिच्छेदाच्या मधोमध एक ओळ घातली: ‘सर, हे पान वाचत असाल तर ही ओळ खोडा आणि उत्तर द्या.’

प्राध्यापकांनी पान समोर धरलं. परिच्छेद ओळखीचा, त्यातून स्वतःचा. आपलं लेखन दिसलं की त्यांचं मन समाधान पावून निघून जाई. डोळे इमानेइतबारे ओळी तुडवत राहिले. मन तेवढ्यात प्रकाशन समारंभात व्यासपीठावरची मधली खुर्ची कोणाला मिळेल ते बघून आलं. झोकदार सही झाली. गठ्ठा परस्पर यंत्रावर गेला. बाईंना कळलं तेव्हा हजार प्रती शिवून तयार होत्या.

प्रकाशनाला बाई शेवटच्या रांगेत बसल्या. टेबलाचा खण त्या सकाळीच रिकामा करून आल्या होत्या. प्राध्यापकांनी आपला सर्वांत लाडका उतारा वाचायला घेतला. इतका लाडका, की तो दोनदा लिहिला गेला होता. त्यांनी पान चौऱ्याण्णव उघडलं.

‘सर, हे पान वाचत असाल तर ही ओळ खोडा आणि उत्तर द्या,’ हेही त्यांनी त्याच भारदस्त आवाजात वाचलं, योग्य जागी थांबले आणि पुढच्या ओळीवर गेले. अध्यक्षांनी मान डोलावली. पहिल्या रांगेतल्या समीक्षकांनी काहीतरी टिपून घेतलं. टाळ्या पडल्या.

मालक मुद्दाम मागे येऊन बाईंच्या शेजारी टेकले. “बिनचूक काम झालं, बाई. दुसरी आवृत्तीही तुम्हीच बघा.”

सभागृहात तीनशे माणसं होती. त्या सगळ्यांनी मिळून बाईंची नोकरी वाचवली होती.