वॉरंटी जाईल

“घर में पूछ के आए ना, साब?”

कुलदीपने हे पुन्हा विचारलं, आणि उदयच्या मनात पाल चुकचुकली. मलकपेठेतलं हे गॅरेज गाड्यांचा वेग वाढवून देण्यासाठीच तर प्रसिद्ध होतं. कंपनीने गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये इंजिनाचा जो दम बांधून ठेवलेला असतो, तो लॅपटॉप लावून मोकळा करणं हा कुलदीपचा धंदा. आणि तोच माणूस आज चहा मागवत होता, ट्रॅफिकच्या गप्पा मारत होता आणि गाडीकडे बघायचं टाळत होता.

“घर का मैं देखता. तुम लॅपटॉप लगाओ,” उदय म्हणाला.

“वारंटी जाती साब. सोच लेव.”

गाडीचा दम वाढवून पोट भरणाऱ्याला वॉरंटीची काळजी! दारूच्या दुकानदाराने गिऱ्हाइकाला लिव्हर जपायला सांगावं, तसलाच हा प्रकार. याला नक्की कुणीतरी पढवून ठेवलंय, असं उदयला वाटलं.

पढवणारं दुसरं कोण असणार? मृण्मयी, त्याची बायको. कित्येक महिने बरकतपुऱ्यातल्या त्यांच्या घरात हा एकच जप चालला होता. गाडीचं नाव काढलं की “वॉरंटी जाईल हं, उदय.” साधा सायलेन्सर बदलायचं म्हटलं तरी वॉरंटी. आज गॅरेजला निघतानाही तेच. जिने नव्या मिक्सरचं वॉरंटी कार्ड रद्दीत घातलं होतं, तिला एकाएकी कार कंपनीच्या अटी तोंडपाठ झाल्या होत्या. कुठेतरी पाणी मुरत होतं.

शिवाय गाडी मंदावली होती. पुण्याहून नोकरीसाठी इथे आल्यापासून त्याने या लाल स्पोर्ट्स कारची स्वप्नं बघितली होती. घेतली तेव्हा नुसता पाय ठेवला की उसळायची. आता चालायची म्हणून चालायची. शोरूमवाल्यांनी एक चक्कर मारली आणि सांगितलं, “सर, आपको स्पीड की आदत हो गई.” म्हणजे तेही त्यातलेच!

त्यात दिवाळीच्या आधीचा तो प्रकार. उदय ऑफिसच्या कामाला बंगळूरला गेला होता. परत येऊन बघतो तर ड्रायव्हरची सीट पुढे सरकवलेली. विचारलं तर मृण्मयी म्हणाली, “कोठीच्या बाजारात गेले होते, पुस्तकं आणायला.” कोठीला! जिथे स्कूटर लावायची मारामार, तिथे ही बया जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स कार घेऊन गेली म्हणे. आणि घरात नवं पुस्तक एकही दिसेना. गाडी विकायचा घाट घातलाय, कुणालातरी दाखवून आणली असणार, असं उदयने तेव्हाच ठरवून टाकलं.

तिला ती गाडी आवडत नाही, हे तर उघडच होतं. मित्र जमले की उदय रिंग रोडचा किस्सा रंगवून सांगायचा. गाडी तुफान पळतेय, डाव्या लेनमधला ट्रक न बघता आडवा येतो, आणि ट्रक आणि दुभाजक यांच्या फटीतून उदय गाडी कशी अल्लद काढतो! त्या दिवशी मृण्मयी शेजारीच बसली होती. पण किस्सा सुरू झाला की ती उठून आत जायची. तिला कंटाळा येतो, अशी उदयची समजूत होती.

“एक मिनट, साब.” कुलदीप फोन घेऊन दाराशी गेला. नंबर लावला. पलीकडून कुणी उचलला नाही.

“किसको फोन लगाया?”

“किसकू नहीं, साब.”

आता मात्र उदयचा संयम सुटला. त्याने किल्ली उचलली. “ठीक है. दूसरे गॅरेज में लेके जाता.”

कुलदीपचा चेहरा पडला. तो गाडीच्या दाराला टेकून उभा राहिला.

“दूसरे के पास नक्को जाव, साब. उनो लॅपटॉप लगाते ही बोल देते. वारंटी कब की गई. मैंच निकाला. दिवाली के पहले मॅडम गाडी लेके आए थे.”

उदयचं डोकं सणकलं. त्याला अडवायचं, आणि आपण मात्र चोरून गाडीचा दम वाढवून घ्यायचा? “कितना बढाया?”

“बढाया नहीं, साब. घटाया.” कुलदीपने मान खाली घातली. “अब कित्ता भी दबाव, पहले जैसी नहीं भागती. मैं भी बोला, मॅडम, वारंटी जाती. मॅडम बोले, जाने देव. आदमी घर कू आना.”

उदयला आधी रागच आला. आपल्या गाडीला आपल्या पाठीमागे हात लावला म्हणून. मग त्याला रिंग रोड आठवला. ट्रक डावीकडून आला होता. डावीकडे मृण्मयी बसली होती. ट्रकचं चाक तिच्या खिडकीपासून वीतभर अंतरावरून गेलं होतं, आणि त्याच्या किश्श्यात हे कधी आलंच नव्हतं. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

“बोले तो वापस चढा देतूं,” कुलदीप हळूच म्हणाला. “अब्बी के अब्बी.”

“नक्को,” उदय म्हणाला. या शहरात इतकी वर्षं काढून हा इथला शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला.

गाडीत बसून त्याने घरी फोन लावला. मृण्मयीने लगेच उचलला.

“काय ठरलं?” तिचा आवाज ताणलेला होता.

“नाही केलं काही. म्हटलं, उगाच वॉरंटी जाईल.”

पलीकडे तिने सोडलेला श्वास त्याला स्पष्ट ऐकू आला.

“बरं केलंस. सावकाश ये.”

“सावकाशच येतो,” उदय म्हणाला. “तूच तशी सोय करून ठेवलीयस ना.”